दोन दिवसांत छत्रपती संभाजीनगर: हॉटेल कुठे घ्यावं आणि अजिंठा-वेरूळ एकाच दिवसात होतं का?

नाही होत. हॉटेलचं नंतर सांगते, आधी हे.

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून गाडीने येताय, सोबत आई-वडील आहेत, मुलांसाठी स्विमिंग पूल असलेलं हॉटेल हवंय. शनिवारी दोन्ही लेणी, रविवारी "गावातलं काय असेल ते" बघून परत. माझं माहेर औरंगपुऱ्यातलं. लग्नानंतर डोंबिवलीची झाले, पण माझ्या गावाबद्दल कोणी असा बेत सांगितला की मला गप्प राहवत नाही.

नकाशा उघडून बघा. वेरूळ शहरापासून तीसेक किलोमीटर, वायव्येला. अजिंठा शंभरेक किलोमीटर, ईशान्येला, सिल्लोडच्या रस्त्याने. एक दुसऱ्याच्या वाटेवर नाही. टूरवाले "दोन्ही एका दिवसात" विकतात, कारण त्यांना गाडीचा एकच दिवस लावायचा असतो. अजिंठ्याला जाऊन येऊनच चार-पाच तास रस्त्यात जातात.

आमच्या घरात हा वाद जुना आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. माझ्या सासूबाई माध्यमिक शाळेत चित्रकलेच्या बाई होत्या. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसणारी कितीतरी मुलं त्यांच्या हाताखालून गेली. अजिंठ्याच्या चित्रातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाचा कमळ धरलेला हात त्या खडूने फळ्यावर काढून दाखवायच्या, पण प्रत्यक्ष अजिंठा त्यांनी पाहिला नव्हता. निवृत्त झाल्यावर सगळ्यांनी मिळून जायचं ठरलं. बुकिंग मोठ्या भाऊजींनी केलं. विमानतळाच्या बाजूचं मोठं हॉटेल, पूल, नाश्ता भाड्यातच. मी तेव्हाच म्हटलं, "भाऊजी, अजिंठ्याला एक अख्खा दिवस ठेवू या." ते म्हणाले, "अगं, लेणी म्हणजे शेवटी लेणीच. सकाळी एक, दुपारी एक." थोरल्या दिरांपुढे माझं किती चालणार!

नाश्ता भाड्यात धरलेला, मग तो सोडायचा कसा? सगळ्यांचं आटपून निघायला साडेनऊ वाजले. वेरूळला कैलास लेण्यात पाऊण तास मिळाला. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, डोंगर वरून खाली फोडत आणलेलं ते देऊळ. तिथे खरोखरच आधी कळस मग पाया. सासूबाई रावण कैलास हलवतो आहे त्या शिल्पापाशी उभ्या राहिल्या, पार्वतीने शंकराचा दंड कसा धरलाय ते दाखवायला नातीला हाक मारली, आणि तेवढ्यात भाऊजींचा फोन, गाडीत बसा. बाकीची तेहतीस लेणी गाडीच्या काचेतून.

अजिंठ्याला पोचायला साडेतीन झाले. आपली गाडी फर्दापूर टी-पॉइंटला लावावी लागते. तिथून एसटीची बस, मग तिकिटाची रांग, मग पायऱ्या. सासूबाईंसाठी भाऊजींनी डोली केली, पैशाचा विचारसुद्धा केला नाही. आईवर त्यांचा जीव आहे, हे मी कधीच नाकारलं नाही. पण पहिल्या लेण्यात काय झालं ते ऐका. बाहेरच्या उन्हातून आत गेलं की सुरुवातीला निव्वळ काळोख दिसतो. दिवे मुद्दाम मंद ठेवलेत, रंग टिकावेत म्हणून, आणि फ्लॅश चालत नाही. डोळे सरावायला वेळ लागतो, मग भिंत हळूहळू उजळत जाते. तो वेळ व्हायच्या आत मागचा घोळका आत आला आणि रखवालदार "पुढे चला" म्हणाला. सतराव्या लेण्यात पाय ठेवला तोवर लेणी बंद करायच्या शिट्ट्या सुरू झाल्या. सव्विसाव्यातला निजलेला बुद्ध राहूनच गेला. परतताना सासूबाई म्हणाल्या, "रंग दिसायला लागले तेवढ्यात बाहेर काढलं मला."

आणि हॉटेलचा तो पूल? रात्री परत आलो तर बंद झालेला.

भाऊजींचं मत आजही तेच आहे. "दोन्ही झालं ना बघून? फोटो आहेत." दिवाळीत सगळे जमले की हा विषय निघतोच. माझं उत्तर मी नंतर करून दाखवलं. सासूबाईंना घेऊन मी कल्याणहून रात्रीची गाडी पकडली आणि पहाटे जळगावला उतरले. जळगावहून अजिंठा साठेक किलोमीटरच आहे, हे मुंबईकडच्या माणसांच्या लक्षातच येत नाही. सगळे आधी संभाजीनगर गाठतात, मग उलटे वर जातात आणि परत खाली येतात. आम्ही फर्दापूरला खोली घेतली, आंघोळ केली आणि नऊला लेणी उघडली तेव्हा दारात होतो. सतराव्या लेण्यात सासूबाईंनी मला अख्खा तास शिकवलं. मातीत तूस आणि गवत कालवून केलेला गिलावा, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर दिलेला रंग. निळा लाजवर्दी दगडाचा, तो अफगाणिस्तानाकडून यायचा. दहावं लेणं त्याहून कितीतरी जुनं, इसवी सनाच्या आधीचं. आणि 1819 मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याच लेण्यातल्या खांबावर स्वतःचं नाव कोरून ठेवलंय, ते दाखवताना त्यांचा आवाज चढला होता. दुसऱ्या दिवशी वेरूळ. सगळं निवांत झालं, आणि हॉटेलवरचा खर्च आधीच्या निम्म्याहूनही कमी.

म्हणून माझं स्पष्ट मत: दोन दिवसांच्या फेरीत हॉटेल जागा बघून घ्यायचं, सोयी मोजून नाही. तुम्ही सकाळी सातला बाहेर पडून अंधार पडल्यावर येणार असाल तर पूल कोणासाठी? तो हवाच असेल तर लोणावळा तुम्हाला जवळ आहे, तिथे खुशाल दोन दिवस पाण्यात घालवा. आणि आमच्या शहरात पाण्याचं काय आहे ते माहीत असू द्या. जायकवाडी एवढं जवळ असूनही घरोघरी नळाला पाणी कित्येक दिवसांनी येतं. उन्हाळ्यात येणार असाल तर बुकिंगआधी फोन करून विचारा, चोवीस तास पाणी आहे का, टँकरचं आहे का. हा प्रश्न नाश्त्यापेक्षा महत्त्वाचा आहे.

समर्थनगर, क्रांती चौक, मध्यवर्ती बसस्थानक या पट्ट्यात बघा. मधलीच जागा, वेरूळकडे जायला छावणीतून सरळ निघता येतं, आणि रात्री गुलमंडी, पैठण गेट हाताशी. अजिंठ्यालाच महत्त्व द्यायचं असेल तर सिडको बरं, जळगाव रोडने हर्सूलवरून गावात न अडकता बाहेर पडता. स्टेशनजवळचं रेल्वेने येणाऱ्यांना ठीक, तुम्हाला त्याचा काही उपयोग नाही. हॉटेलचं नाव मी सांगणार नाही, मालक बदलले की सगळं बदलतं. परीक्षणांत "रिसेप्शन सुंदर" असं लिहिलेलं वाचू नका. लिफ्ट आहे का, पार्किंग आवारात आहे का आणि गाद्या कशा आहेत, एवढंच वाचा. आई-वडील सोबत आहेत म्हणून लिफ्ट आधी.

शुक्रवारी रात्रीच मुक्कामाला पोचा. शनिवारी फक्त अजिंठा, नाश्ता वाटेत. रविवारी वेरूळ, तेही सकाळी लवकर, ऊन आणि गर्दी व्हायच्या आधी. कैलासाच्या बाजूने डोंगरावर चढून वरून एकदा जरूर बघा. शेवटची जैन लेणी लांब आहेत, पण बत्तिसावं, इंद्रसभा, चुकवू नका. जवळच घृष्णेश्वर आहे. परतीच्या वाटेवर देवगिरी किल्ला. मुलांना त्यातली अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट, फार आवडेल, आई-वडिलांनी खालीच चांदमिनारापाशी थांबावं. बीबी का मकबरा राहिला तर राहू द्या, पण त्याला "गरिबांचा ताज" म्हणू नका. आझमशहाने आईसाठी बांधलेली ती इमारत संध्याकाळच्या उजेडात स्वतःच्या बळावर देखणी दिसते. जेवायला नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, खाणारे असाल तर जुन्या शहरात, शाकाहारींना कुठेही अडचण नाही.

आता राहिलेलं. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी, म्हणून सोमवारची सुट्टी जोडून येणार असाल तर क्रम बदलू नका. आदल्या रात्री यायला जमतच नसेल तर दोन्ही लेण्यांचा हट्ट सोडा, वेरूळ आणि देवगिरी नीट बघा, अजिंठा पुढच्या वेळी. एप्रिल-मेमध्ये आई-वडिलांना आणूच नका, पायऱ्यांचा दगड तापतो. पावसाळ्यात वाघूर नदीच्या वळणावरचा डोंगर हिरवा असतो आणि धबधबा पडतो, तेव्हा छत्र्या घेऊन या. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात, तेव्हा नाडीचे बूट नकोत. डोली लागणार असेल तर पायथ्याशीच दर ठरवा, जाऊन-येऊन आणि मधे थांबण्यासकट. सतराव्या लेण्यापाशी थांबायचंय हे डोलीवाल्यांना आधीच सांगून ठेवा.