खोलीत २२ डिग्री, तरी बिअरला थिनरचा वास का?

प्रश्न: मी घरी २० लिटरच्या फर्मेंटरमध्ये (बिअर आंबवायच्या भांड्यात) एल प्रकारची बिअर बनवतो. खोलीतला थर्मामीटर कायम २१-२२ दाखवतो, यीस्टच्या पाकिटावर पण १८ ते २२ लिहिलंय. दुसऱ्या दिवशी एअरलॉक (झाकणावरची गॅस बाहेर सोडणारी नळी) नुसता धडधडत होता, चौथ्या दिवशी गप्प. पण बिअरला थिनरसारखा वास येतोय आणि घोट घेतला की घशात जळजळतं. सगळं सॅनिटाइझ केलं होतं. आता फ्रिज घ्यावाच लागेल का?

उत्तर: फ्रिज नंतर बघू, आधी थर्मामीटर हवेतून काढा आणि फर्मेंटरला चिकटवा. यीस्ट साखर खातं तेव्हा उष्णता सोडतं, त्यामुळे ऐन जोरात असताना आतलं वॉर्ट (आंबायचं माल्टचं गोड पाणी) खोलीपेक्षा सहज ३ ते ५ डिग्री जास्त तापतं, म्हणजे तुमची खोली २२ वर असली तरी आत २६ झालं असणार. तेवढ्या गरमीत यीस्ट घाई करतं आणि फ्युझल अल्कोहोल (जळजळणारे जड अल्कोहोल) आणि एस्टर (उग्र वास देणारी संयुगं) जास्त तयार होतात, तुमचा थिनरचा वास आणि जळजळ त्यातलीच. थर्मामीटरचा प्रोब बाहेरून बिअरच्या लेव्हलच्या खाली लावा आणि वरून फोमचा तुकडा टेपने घट्ट बसवा, नाहीतर तो परत हवाच मोजणार.

सगळा खेळ पहिल्या तीन दिवसांचा आहे. चव तिथेच बिघडते, नंतर कितीही थंड केलं तरी फ्युझल जात नाही, हे मला अगदी कळकळीने सांगायचंय कारण बरेच जण बुडबुडे जोरात आल्यावर धावपळ करतात आणि तोवर उशीर झालेला असतो. वॉर्ट १८ पर्यंत उतरल्याशिवाय यीस्ट टाकूच नका, हात लावून कोमट वाटतंय म्हणजे ते अजून गरमच आहे.

मग फर्मेंटर मोठ्या टबात ठेवा, बिअरच्या लेव्हलपर्यंत पाणी भरा, वर जुना टी-शर्ट घाला म्हणजे त्याची खालची कड पाण्यात राहील आणि कापड ओलं राहील, आणि समोर पंखा. हवा कोरडी असेल तर एवढ्यानेच काही डिग्री उतरतं, दमट असेल तर पाण्यात बर्फ झालेल्या बाटल्या सोडा, एक-दोन, सकाळ-संध्याकाळ बदलत. एकदम सहा टाकू नका, १४ पर्यंत घसरलं तर यीस्ट तळाशी जाऊन बसतं आणि आंबणं अर्धवट राहतं.

बुडबुडे मंदावले की बर्फाच्या बाटल्या टाकणं बंद करा आणि २०-२१ पर्यंत चढू द्या, दोन-तीन दिवस. बटरसारखी चव देणारं डायअ‍ॅसिटिल यीस्ट याच वेळी परत खातं.

लागर (थंडीत आंबवायची बिअर) करायची असेल तर मात्र ८ ते १३ डिग्री लागतात, तिथे टब पुरत नाही, जुना फ्रिज आणि टेम्परेचर कंट्रोलर घ्याच. आणि गरमी आवरतच नसेल तर क्वाइक वापरून बघा, हे नॉर्वेचं यीस्ट ३५ डिग्रीलाही स्वच्छ चव देतं.