कंप्युटरचं काय अडलं? : रस्ता बदलला, पण फाटक बंदच

प्रश्न : नमस्कार भाऊ. मी दारव्ह्याजवळच्या एका गावात राहतो, घरच्या जुन्या कंप्युटरवर झॅम्प (घरीच वेबसाईट चालवून पाहायचं सॉफ्टवेअर) टाकून आमच्या कृषी केंद्राची वेबसाईट बनवून राहिलो. सी ड्राइव्ह फुल झाला म्हणून झॅम्पच्या एचटीडॉक्स फोल्डरातलं (साईटच्या फायली तिथंच ठेवतात) दुकान नावाचं फोल्डर उचलून डी ड्राइव्हवर वेबकाम नावाच्या फोल्डरात ठेवलं आणि सेटिंगमध्ये डॉक्युमेंटरूटचा रस्ताही बदलला. झॅम्पच्या पॅनलवर अपाची (साईट दाखवणारा सर्व्हर) हिरवा होते, चालू होते, पण ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट (आपल्याच कंप्युटरचा पत्ता) उघडलं की ४०३, ॲक्सेस फॉरबिडन, म्हणजे आत यायला मनाई. काहून होत असन? दोन दिवस झाले डोकं खाऊन राहिलं.

उत्तर : राजेहो, तुम्ही गड्याला नवं वावर दाखवलं पण फाटकाची चाबी दिलीच नाही, बस एवढंच झालं आहे. डॉक्युमेंटरूट फक्त सांगते की फायली कुठं आहेत. त्या फोल्डरात कोणाला जाऊ द्यायचं हे वेगळ्या ओळीत लिहावं लागते, आणि अपाचीच्या त्याच सेटिंगच्या फाईलमध्ये वर कुठंतरी अख्ख्या डिस्कला आधीच "रिक्वायर ऑल डिनाइड" लावलेलं असते, म्हणजे सगळीकडं बंदी आणि एचटीडॉक्सला तेवढी सूट. तुमचं डी ड्राइव्ह बंदीत गेलं.

झॅम्पच्या पॅनलवर अपाचीच्या ओळीत कॉन्फिग बटण आहे, त्यातून एचटीटीपीडी डॉट कॉन्फ उघडा. डॉक्युमेंटरूटच्या अगदी खालीच डिरेक्टरीची ओळ दिसन, तिच्यात अजून जुना एचटीडॉक्सचा रस्ता बसलेला असन पहा. दोन्ही ठिकाणी डी:/वेबकाम करा, आतली "रिक्वायर ऑल ग्रँटेड" ओळ तशीच राहू द्या, सेव्ह करा आणि अपाची बंद करून पुन्हा चालू करा, नुसतं ब्राउझर रिफ्रेश करून काही होत नाही. वरच्या त्या बंदीच्या ओळीलाच ग्रँटेड करायचा सल्ला कोणी देईल, ते करू नका, काम होते खरं पण मग सगळी डिस्क उघडी पडते. आणि कुठं "ऑर्डर अलाऊ डिनाय" असं वाचलं तर सोडून द्या, ते अपाची २.२ च्या जमान्यातलं आहे, २०१२ मध्ये २.४ आलं तेव्हापासून रिक्वायरच लिहायचं असते.

रस्त्यात रेघ सरळ तिरकी (/) द्या, विंडोजवाली उलटी (\) नको. मी एकदा रस्ता कॉपी करून चिपकवला, शेवटी उलटी रेघ राहिली, तिनं पुढचं अवतरण चिन्हच गिळलं आणि अपाची उठेचना, मी दोन तास झॅम्प काढून टाकून पुन्हा टाकत बसलो, मग लाईन गेली म्हणून उठलो तेव्हा डोक्यात उजेड पडला. अडलं की अंदाज नका लावू, लॉग्स बटणातून एरर लॉग, म्हणजे चुकांची नोंदवही, उघडा आणि सगळ्यात खालच्या ओळी वाचा. तुमच्या केसमध्ये "क्लायंट डिनाइड बाय सर्व्हर कॉन्फिगरेशन" लिहिलेलं असन आणि त्याच्या मागं अडलेला रस्ता.

डॉक्युमेंटरूट वेबकामवरच ठेवा बरं का, थेट आतल्या दुकानवर नको. आधी तुमचा पत्ता लोकलहोस्ट, मग दुकान असा होता, तो तसाच राहिला म्हणजे फोटोच्या लिंका तुटत नाहीत. साईटच्या पीएचपी कोडमध्ये कुठं इन्क्लूडला (दुसरी फाईल जोडायच्या ओळीला) सी ड्राइव्हचा पूर्ण रस्ता लिहिला असन तर मात्र ते फुटन, तिथं दोन-दोन अंडरस्कोअरवालं डीआयआर (__DIR__) वापरा, ती फाईल ज्या फोल्डरात असते त्याचाच रस्ता तो स्वतः देतो. पुढं साईट लिनक्स होस्टिंगवर चढवाल तेव्हा फाईलच्या नावातलं लहान-मोठं इंग्रजी अक्षर पाहून घ्या, घरी विंडोजवर कापूस आणि मोठ्या केचा कापूस एकच, तिथं दोन वेगळ्या फायली.

आणि हो, डेटाबेस, म्हणजे तुमची साठवलेली माहिती, अजून सी ड्राइव्हवरच आहे, झॅम्पच्या मायएसक्यूएलमधल्या (डेटाबेस सांभाळणारा प्रोग्राम) डेटा फोल्डरात, वेबसाईट हलवल्यानं तो हलत नाही. डेटाबेस पाहायचं पीएचपीमायॲडमिनही पहिल्यासारखंच उघडन, त्याचा रस्ता वेगळ्या फाईलमध्ये बांधलेला आहे. तो डेटा फोल्डर मात्र उचलून डीवर नका टाकू, निदान मायएसक्यूएल चालू असताना तर बिलकुल नाही. तुमच्याकडं लाईन जायची वेळ ठरलेली असन तर त्याच्या दहा मिनिटं आधी मायएसक्यूएलचं स्टॉप दाबत जा, चालू असताना गेली तर कधी कधी पुन्हा उठतच नाही तो, आणि मग ग्राहकांची उधारी कागदावरूनच टाईप करत बसा.