सुखी, आनंदी, समाधानी आणि आपलं साधं 'बरं वाटलं'

एका ताईंचा प्रश्न आलाय, थोडक्यात सांगतो. लेक नुकतीच दुसऱ्या गावी संसार थाटून बसलीय, फोनवर तिला विचारलं "सुखी आहेस ना गं?" तर ती हसली आणि म्हणाली, "आई, सुखी काय, जुन्या नाटकातल्यासारखं विचारतेस, हॅपी आहे मी." ताईंना म्हणे ते उत्तर पुरलंच नाही. तर सुखी, आनंदी, समाधानी हे सगळं एकच का, आणि हॅपीला यातला नेमका कोणता शब्द? आणि जाता जाता, 'खुश' लिहायचं की 'खूश'?

ताई, उत्तर पुरलं नाही कारण तुम्ही एक विचारलंत आणि तिने दुसरंच सांगितलं. तुम्ही घराबद्दल विचारत होतात, तिने मूडबद्दल सांगितलं.

कोशात बघायला गेलात तर सुख म्हणजे आनंद, आनंद म्हणजे सुख, समाधान म्हणजे संतोष असं गोल गोल फिरवतात, त्याचा काही उपयोग नाही. शब्दांमधला फरक बघायचा तर ते कुठल्या क्रियापदांबरोबर बसतात उठतात ते बघावं. आनंद होतो. सुख मिळतं, लाभतं, भोगतात. समाधान मानतात. आता हे उलटसुलट करून बघा, "मला काल खूप सुख झालं" असं कोणी म्हणत नाही, "आनंद भोगला" तर ऐकूनच कसंतरी होतं. आनंद ही घडणारी गोष्ट आहे, फोन आला आणि झाला, निकाल लागला आणि झाला. सुख ही परिस्थिती आहे, ती असते किंवा नसते, आणि ती बाहेरच्या माणसालाही दिसते, म्हणून तर शेजारीपाजारी "पोरगी सुखात पडली हो" असं परस्पर ठरवून टाकतात, पोरीला न विचारता! "पोरगी आनंदात पडली" असं म्हणून बघा बरं.

अजून एक चाचणी, मला ही फार आवडते. आनंदाने माणूस उडी मारतो, सुखाने झोपतो आणि समाधानाने ढेकर देतो. "तो सुखाने झोपला" म्हणजे कटकट नव्हती, कोणी उठवलं नाही. पण "तो आनंदाने झोपला" म्हटलं की एखाद्या पोराला झोप म्हटल्यावर ते कुरकुर न करता तयार झालं असा अर्थ होतो, कारण आनंदाने म्हणजे राजीखुशीने असाही अर्थ आपल्याकडे रुळलाय. आणि रडण्याचं बघा, आनंदाश्रू आहेत, सुखाश्रू नाहीत.

स्वभावाचं पण तसंच. माणसाचा स्वभाव आनंदी असतो, समाधानी असतो, पण "सुखी स्वभावाचा माणूस" कोणी ऐकलाय का? नाही ना, कारण सुख आपल्या स्वभावात नसतं, ते आजूबाजूच्या माणसांवर आणि सोयींवर अवलंबून असतं. सुखसोयी हा जोडशब्द उगाच नाही, सुखवस्तू म्हणजे खाऊनपिऊन बरा, आणि सुखरूप म्हणजे हातीपायी धड. "सुखरूप पोचलो" असा मेसेज टाकणारा माणूस प्रवासात कंटाळून गेलेला असू शकतो, गाडीत कोणाशी भांडलेला पण असू शकतो, तरी तो सुखरूपच. आणि घरातली ती सगळी चिडकी वाक्यं आठवा, "मेले दोन मिनिटं सुखाने बसू देत नाहीत", "सुखासुखी कशाला भांडण उकरून काढतोस", "तुला ना सुख बोचतंय", "सुखाचा जीव दुःखात घालू नकोस". सगळीकडे सुख म्हणजे धक्का न लागणं, कोणी त्रास न देणं.

आणि गंमत म्हणजे शब्दाच्या जन्मातच बहुतेक ते आहे. ऋग्वेदात सुख हे विशेषण रथाला लावलेलं आहे, आणि सु म्हणजे चांगलं, ख म्हणजे भोक, चाकाच्या तुंब्यातलं आस जाण्याचं भोक, अशी त्याची एक फोड देतात. ते भोक नीट असेल तर रथ सुरळीत चालतो, आतल्या माणसाला हादरे बसत नाहीत. मग त्याच्या विरुद्ध दुःख. सगळ्यांना ही व्युत्पत्ती मान्य नाही, काहीजण सु-स्थ पासून आलेला शब्द मानतात, पण तिथेही अर्थ "नीट बसलेला" असाच निघतो म्हणजे फार बिघडत नाही.

दुःखाचं मात्र मराठीत वेगळंच काहीतरी झालं. आपण त्याचं सरळ क्रियापद केलं, डोकं दुखतं, पाय दुखतो, आजारपणाला दुखणं म्हणतो. सुखाचं तसं झालंच नाही, "आज माझं डोकं सुखतंय" असं म्हणता येत नाही. मनाच्या बाबतीत मात्र जोडी आहे, दुखावणे आणि सुखावणे. पण दुखावणारी माणसं रोज भेटतात आणि सुखावणे हे क्रियापद लोक लेख लिहिताना वापरतात, घरात "आज मी सुखावले बाई" असं कोणी म्हणताना मी तरी ऐकलं नाही.

आता आनंद. नन्द् हा धातू, खूश होणे असा अर्थ, त्याला आ लागून आनंद. पण ताई, तुमच्या प्रश्नाशी संबंधित खरा शब्द याच धातूतून आलाय आणि तो तुम्ही विचारलेलाच नाहीत, तो म्हणजे नांदणे! नन्दति वरून नांदणे. म्हणजे मूळचं "आनंदात असणे" घसरत घसरत "घरात राहणे, संसार करणे" इथवर येऊन पोचलं. गोष्टीतले राजाराणी शेवटी सुखाने नांदू लागतात. "नांदतं घर" म्हणजे माणसांनी भरलेलं, आवाज असलेलं घर, आणि घरात शांतताही नांदते, लक्ष्मीही नांदते. बाकी भाषांमध्ये एका घरात राहण्याला असा आनंदातून आलेला शब्द कितपत असेल ते जाऊदे, पण आपल्याकडे आहे याचं मला कौतुक वाटतं.

कौतुक वाटतं आणि लगेच जीभही चावावीशी वाटते, कारण नांदणे हा शब्द पुढे बहुतेक बाईच्याच वाट्याला आला. नांदायला जाते ती सून, नवरा काही नांदायला जात नाही, तो "नांदवतो" किंवा नांदवत नाही. कोर्टकचेरीच्या मराठीतसुद्धा नांदायला येण्यासाठी दावा लावतात. रखमाबाईंचा खटला आठवा, लहानपणी लग्न लावून दिलेल्या या मुलीवर तिच्या नवऱ्याने, दादाजी भिकाजीने, 1884 मध्ये मुंबई हायकोर्टात दावा लावला की हिने माझ्याकडे नांदायला यावं, 1885 मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला, पुढे अपिलानंतर 1887 मध्ये उलटा लागला की नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, आणि ती म्हणाली तुरुंगात जाईन. शेवटी 1888 मध्ये तडजोड झाली आणि रखमाबाई पुढे इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. आनंदाच्या धातूतून आलेल्या शब्दाला कोर्टाच्या हुकुमाची गरज पडली म्हणजे त्यातला आनंद तोवर कुठल्या कुठे उडून गेला होता. म्हणूनच आपल्याला "सुखाने नांदा" असं वेगळं सांगावं लागतं, नुसतं "नांदा" पुरत नाही.

(नणंद हा शब्द पण यातलाच असं सांगणारे भेटतात, "न नन्दति" म्हणजे कितीही करा, खूश होत नाही ती ननान्दृ. जुन्या पंडितांची आहे ही फोड. मला तरी हा वहिनीकडून आलेला विनोद वाटतो. सगळ्या नणंदांनी माफ करावं.)

आनंदाची दुसरी गंमत म्हणजे घरात तो टोमण्यातच जास्त येतो. बालकवींच्या "आनंदी आनंद गडे" मध्ये चोहीकडे खराखुरा आनंद आहे, पण घरात कोणी "काय, सगळा आनंदी आनंदच आहे!" म्हणालं की समजावं भांडी तशीच पडलीत आणि पोरगं मोबाईल घेऊन लोळतंय. "अभ्यासाचा काय, आनंदच आहे." खुशालचंही तसंच, खुश आणि हाल मिळून झालेला खुशाल, पूर्वी पत्रात "आम्ही सर्व खुशाल आहोत, आपली खुशाली कळवावी" असं प्रेमाने लिहायचे आणि आता "जा, खुशाल जा!" म्हणजे गेलास तर बघ.

समाधान जरा वेगळ्या घरातला शब्द. सम् आणि आ लागलेला धा धातू, नीट एकत्र आणून ठेवणे, समाधी त्याचंच भावंड. मराठीत त्याचे दोन अर्थ चालतात, एक शंकासमाधानातला आणि दुसरा मनाचा. हिंदीत पहिल्याच्या अंगाने गेला, तिथे समस्येचं समाधान होतं, आणि आता आपल्याकडच्या बातम्यांमध्ये पण "पाणीप्रश्नाचे समाधान" वगैरे वाचायला मिळतं तेव्हा माझं डोकं (परत एकदा) दुखतं, तोडगा म्हणा ना, निराकरण म्हणा. मनाच्या समाधानाबद्दल मुख्य गोष्ट म्हणजे ते मानता येतं. तुकोबांनी "चित्ती असू द्यावे समाधान" म्हटलंय, असू द्यावे, म्हणजे हे आपल्या हातात आहे असं धरूनच बोललेत. आनंद होऊ द्यावा असं सांगून होत नाही. पण मला या शब्दाची एक खोड पण दिसते, घरात समाधान मानायचा सल्ला कायम कमी मिळालेल्यालाच देतात, ज्याला जास्त मिळालंय त्याला कोणी म्हणत नाही की आता समाधान मान. त्यामुळे "ती फार समाधानी आहे हो" हे वाक्य सासरच्यांकडून आलं तर मी तरी जरा सावधच होईन.

हे सगळं आजच्या बोलण्यापुरतं हं. ज्ञानेश्वरीच्या शेवटी, शके 1212 म्हणजे 1290 सालच्या मराठीत, "येणे वरे ज्ञानदेवो सुखिया जाला" आहे, तिथे सुखिया म्हणजे काही सुखवस्तू नव्हे. जुन्या मराठीत सुख फार खोल जायचं, आपण ते सोफ्यावर आणून बसवलं.

आणि मग मजा. फारसी मज़ा म्हणजे मुळात चव. हिंदीत तो मज़ा आणि आपल्याकडे ती मजा, येताना लिंग बदलून आली. "कशी आहेस? मजेत!" यात सुख, आनंद, समाधान तिन्ही विचारायची दारं बंद करायची सोय आहे, पुढे कोणी काही विचारतच नाही. (पोरं लाडाने मज्जा लिहितात, लिहू देत, पण संस्कृतातली मज्जा म्हणजे हाडातला मगज, मज्जारज्जूमधली.)

आता हॅपी. तुमच्या लेकीचा हॅपी म्हणजे "माझं बरं चाललंय, काळजी करू नकोस", तो मजेतचाच नवा अवतार. पण ऑफिसमध्ये "मी या निर्णयावर हॅपी नाहीये" म्हणतात तो हॅपी म्हणजे पटलेलं नाही. "बॉस हॅपी आहे" म्हणजे खूश आहे, खूश नेहमी कोणावर तरी असतात, खूशचं उलट नाराज. आणि "मुलं हॅपी असली की झालं" यातला हॅपी म्हणजे आनंदात. एका शब्दाला चार वेगळी मराठी रूपं लागतात, म्हणून हॅपीला एकच प्रतिशब्द द्या असं म्हणू नका, वाक्य सांगा मग शब्द सांगतो.

पण खरं सांगू का, घरात यातलं काहीच कोणी बोलत नाही. घरातला खरा शब्द "बरं". "बरं वाटलं गं तुझा आवाज ऐकून." "आलास ते बरं केलंस." माझ्या भावाला नोकरी लागली तेव्हा तो उड्या मारत सांगायला आला, वडील म्हणाले "बरं झालं" आणि लगेच पुढे "ते पत्र नीट ठेव, झेरॉक्स काढून आण दोन". त्या "बरं झालं" मध्ये किती काय होतं ते आईला कळलं, भावाला नाही कळलं, तो अजून म्हणतो बाबांना काही वाटलंच नाही. बरा हा शब्द वर म्हणजे श्रेष्ठ, निवडलेला, यातून आलाय, म्हणजे खानदान चांगलं उंची आहे, पण आपण वापरून वापरून त्याला इतकं साधं केलं की आता तो ताप उतरल्यावर पण चालतो आणि नातवंड झाल्यावर पण. "मला आनंद झाला" हे भाषणाचं मराठी आहे, आपणांसमोर बोलताना मला अत्यंत वगैरे. आईने फोनवर "तू आलीस की मला आनंद होतो" म्हटलं तर लेक घाबरेल की हिला काय झालं.

त्यामुळे ताई, पुढच्या वेळी सुखी आहेस ना विचारू नका. तो प्रश्न सासरबद्दल चौकशी केल्यासारखा लागतो आणि ती जरी एकटी असती तरी तसाच लागला असता, कारण त्या शब्दाला तीच सवय आहे. "तिकडे बरं वाटतंय ना?" विचारा, त्याला हॅपी असं उत्तर देता येत नाही, काहीतरी सांगावंच लागतं.

राहिलं खूश. मराठीच्या नियमाने अकारान्त म्हणजे शेवटी अ असलेल्या शब्दातला उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षराचा, इकार-उकार दीर्घ, म्हणून खूश. पण पुढे काही लागून शब्द वाढला की तो ऱ्हस्व होतो, म्हणून खुशी, खुशीत, खुशाल. मग सुखाचा सु ऱ्हस्व कसा, तर तो तत्सम शब्द आहे, संस्कृतात जसा तसाच ठेवायचा. आणि आनंदित लिहिताना दि ऱ्हस्व, "आनंदीत" लिहिलंत तर आनंदी नावाच्या बाईमध्ये असा अर्थ होईल.