लाल झेंड्याचे मोर्चे एवढे मोठे, मग मतं कुठे जातात?

तुमच्या प्रश्नाचे तीन तुकडे आहेत. डाव्यांचे मोर्चे एवढे प्रचंड निघतात तरी निवडणुकीत डिपॉझिट का जातं? नेतृत्व तरुणांकडे दिलं तर फरक पडेल का? आणि शेवटी, "की आदिवासींना लाल झेंडा फक्त जमिनीपुरताच हवा असतो?" पहिले दोन प्रश्न सगळेच चघळतात. ही तिसरी ओळ वाचून मात्र डोकं सणकलं, म्हणून लिहायला बसलो.

तरुण नेतृत्वाचं आधी उरकून टाकतो. 2021 ला बंगालमध्ये माकपने, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने, तरुण पोरं मैदानात उतरवली. मीनाक्षी मुखर्जी नंदीग्रामला, आइशी घोष जमुरियाला. बोलायला एक नंबर. ज्या राज्यात 1977 ते 2011 सलग सत्ता होती, तिथे विधानसभेत एकही जागा आली नाही. पक्षाने नेत्यांच्या वयाला पंचाहत्तरीची मर्यादा घातली, 2025 ला मदुराईत एम. ए. बेबी सरचिटणीस झाले, तेही सत्तरी ओलांडलेलेच. पण खरं सांगू का, पिंपळनेरच्या बाजारात उभं राहून सरचिटणीस कोण म्हणून विचारा, कोणाला सांगता येणार नाही आणि त्यावरून कोणी मतही देत नाही.

मोर्चांचं म्हणाल तर 2018 चा शेतकऱ्यांचा नाशिक-मुंबई लाँग मार्च आठवा. रक्ताळलेल्या पायांचे फोटो देशभर फिरले, सरकारला लेखी द्यावं लागलं. पुढच्याच वर्षी विधानसभेला त्या मार्चच्या पुढाऱ्यांपैकी माकपचे जे. पी. गावित कळवणला पडले. डहाणूत विनोद निकोले आले, 2024 ला पुन्हा आले, आणि राज्यात माकपचा तेवढा एकच आमदार उरला. मोर्चाला येणारा माणूस खोटा नसतो. त्याच्या आणि मतदान केंद्राच्या मध्ये काय काय घडतं, ते बघायला आपली कोणाची तयारी नसते.

मी ते जवळून बघितलंय. मी साक्री तालुक्यातला. बरीच वर्षं एका डाव्या पक्षाचं काम केलं. नाव घेत नाही, धुळे जिल्ह्यातल्या वाचकांनी अंदाज मनातच ठेवावा. पश्चिम पट्ट्यात आमचं काम म्हणजे फॉरेस्ट प्लॉटचे, म्हणजे आदिवासी कसत असलेल्या वनजमिनीचे दावे. तिथल्या एका पाड्यावर एक बाई होती. तिच्या सासऱ्याला फॉरेस्टवाल्यांनी कधीकाळी अतिक्रमणाचा दंड केला होता. ती पावती तिने पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत जपून ठेवलेली. घडीवर फाटलेली, शाईचा रंग उडालेला, पण शिक्का शाबूत. वनहक्क कायद्याला 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा ताबा दाखवावा लागतो, आणि त्याला अशा दंडपावतीसारखा पुरावा नाही. ज्या खात्याने हाकलायला दंड केला, त्याच्याच शिक्क्यावर जमीन मिळते. बाईला हे एकदा समजलं आणि तिने आजूबाजूच्या पाड्यांवर घरोघर पेट्या उघडायला लावल्या. कोणाची पावती, कोणाच्या म्हाताऱ्याचा जबाब, कोणाचा दावा उपविभागीय समितीने फेटाळला, कोणाचं अपील जिल्ह्याला गेलं, सगळं तिला तोंडपाठ. आमच्या कार्यालयातल्या फायलीत नव्हतं एवढं.

मग जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. मतदान 7 जानेवारी 2020. मी कमिटीत म्हटलं, या बाईला उभी करा. आमचे सेक्रेटरी, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, म्हणाले, "तिची वैचारिक बैठक कच्ची आहे. भाषण जमणार नाही." गट, म्हणजे जिल्हा परिषदेचा मतदारसंघ, आदिवासी राखीव, त्यामुळे उमेदवारही आदिवासीच दिला, पण तालुक्याला बंगला बांधून राहिलेला, पेन्शनीत निघालेला, माइक हातात आला की सोडत नाही असा. पाड्यावरच्या लोकांनी त्यांना मोर्चात पहिल्या रांगेत बघितलं होतं, दारात कधीच नाही.

दुसरं माझं म्हणणं ऊसतोडीचं होतं. आमच्याकडची माणसं दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन बारडोलीकडे उसाला जातात, ती होळीला परततात. जानेवारीत पाड्यावर म्हातारी माणसं आणि कोंबड्या. मी म्हणालो, आत्ताच फडावर जाऊ, मुकादमांशी दोन दिवसांच्या सुटीचं बोलू, यादी घेऊन कोण कुठल्या कारखान्याला आहे ते लिहून काढू. बाईला ते सगळं माहीत होतंच. आता आमची मीटिंग कशी चालते ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको. आधी आंतरराष्ट्रीय परिस्थिती, मग राष्ट्रीय, मग राज्य, मग जिल्हा. ऊसतोडीचा विषय "इतर सूचना"मध्ये. तो येईपर्यंत अर्धे लोक शेवटच्या एसटीला पळाले होते. जे उरले त्यांच्यासमोर मास्तर म्हणाले, "मजूर आपल्या चेतनेने मतदानाला आला पाहिजे. आणि निवडणूक हे साधन आहे, साध्य नाही."

मतदानाच्या आदल्या रात्री मजूर आले. चेतनेने नाही, दुसऱ्या पक्षांच्या जीपगाड्यांनी. हे कायद्यात बसत नाही हे मलाही कळतं, पण आले. त्यातला एक जण, ज्याचा दावा आम्हीच भरला होता, मला बूथबाहेर भेटला. नजर चुकवली नाही त्याने. म्हणाला, "भाऊ, मोर्चा तुमना, मत त्यासले." मोर्चा तुमचा, मत त्यांना. जेवढ्या मतांनी आम्ही पडलो, त्याहून जास्त माणसं त्या जीपगाड्यांतून उतरली होती.

म्हणून सांगतो, आदिवासींना झेंडा फक्त जमिनीपुरता हवा असतो असं नाही. आम्ही त्यांना फक्त जमिनीपुरतं विचारतो. पट्टा, म्हणजे जमिनीच्या हक्काचा कागद, मिळाल्यावर माणसाला पीककर्ज लागतं, पोराला आश्रमशाळेत जागा लागते, बायकोला बाळंतपणाला गाडी लागते. बाकीच्यांकडे कारखाना आहे, दूध संघ आहे, पतसंस्था आहे, संस्थेच्या शाळा आहेत. आमच्याकडे निवेदनाची झेरॉक्स.

आणि कमिटीकडे बघा. कमिटीत आम्ही कुणबी-मराठे आणि मास्तर लोक, मोर्चात भिल्ल, कोकणी, मावची हे आदिवासी. धुळ्याच्याच शरद पाटलांनी हे ओरडून सांगितलं, की नुसता वर्ग धरून इथे चालणार नाही, जातीशी लढावं लागेल. 1978 ला माकप सोडून त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. आमच्याकडे त्यांच्या पुस्तकांवर अभ्यासवर्ग होतात, उमेदवार ठरवताना मात्र त्यातलं काही आठवत नाही.

आता न्यायाने थोडं दुसऱ्या बाजूचंही. शरद पाटलांच्या पक्षालाही मतपेटीत मोठं यश आलं नाही, म्हणजे नुसता जातीचा प्रश्न घेतला की मतं पडतात असं नाही. पैशाचा खेळ आहेच, लक्ष्मीदर्शनाशिवाय इथे गट निघत नाही. आघाडीत जागा सोडाव्या लागतात ते वेगळंच; 2024 ला लोकसभेला दिंडोरीत गावितांना अर्ज मागे घ्यावा लागला. आणि लाट देशभरची आहे: 2004 ला लोकसभेत एकट्या माकपचे 43 खासदार होते, 2024 ला 4. केरळची तुलना कोणी करू नये, तिथे सहकारी बँका आणि वाचनालयंसुद्धा पक्षाच्या माणसांनी उभी केलीत.

तुम्ही तरुण असाल आणि कुठल्या डाव्या पक्षात जायचा विचार करत असाल तर जा, पण पहिल्या दिवशी मतदार यादी मागून घ्या. यादी नाही म्हणाले तर समजून जा. आणि ऊसतोडीला कोण कुठे गेलंय याची वही नसलेल्या माणसाला सेक्रेटरी होऊ देऊ नका, वय काही असो.

मास्तर, नातू तुम्हाला हे मोबाइलवर दाखवणार हे मला माहीत आहे. ती बाई पुढे ग्रामपंचायतीला उभी राहिली, पक्षाशिवाय, आणि निवडून आली. तुमच्या इतिवृत्तात तिचं नाव आहे, "इतर सूचना"खाली. काढून बघा.