‘मी नाही दमलो!’

प्रश्न : मुलगा साडेचार वर्षांचा आहे. दुपारी झोपत नाही. संध्याकाळी सात वाजले की घरभर धावतो, सोफ्यावरून उड्या मारतो आणि जरा काही मनाविरुद्ध झालं की भोकाड पसरतो. ‘दमलास का?’ विचारलं की ‘नाही!’ म्हणून किंचाळतो. दमलाय, तर एवढी ताकद येते कुठून?

उत्तर : ही दमणूकच आहे. झोपेची वेळ टळली की मूल जागं ठेवण्यासाठी शरीर कॉर्टिसॉल, ॲड्रेनलिनसारखी संप्रेरकं सोडतं. मोठी माणसं पेंगतात, मुलं उधळतात.

‘दमलास का?’ विचारणं आधी बंद करा. त्याच्या लेखी त्याचा अर्थ ‘खेळ आवर, झोपायला चल’ एवढाच असतो. मग तो ‘हो’ कशाला म्हणेल? त्याऐवजी दिसलं ते बोला : ‘दोनदा डोळे चोळलेस. डोळे दमले वाटतं.’ किंवा ‘सारखा अडखळतोयस, पाय दमलेत.’ तीन-चार दिवस धिंगाण्याआधीचा अर्धा तास नीट पाहा. कुणी कान ओढतं, कुणी अंगठा तोंडात घालतं. बऱ्याचदा सर्वांत आधी मूल गप्प होऊन कुठेतरी टक लावून बसतं. नेमकी हीच खूण निसटते, कारण घरात शांतता झाली म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकत असतो!

खूण दिसली की उपायही तिच्याच जोडीचा हवा. पाय दमले तर पाणी प्यायचं आणि दहा मिनिटं बसून पुस्तक पाहायचं. शाळेनं किंवा गोंगाटानं डोकं दमलं असेल तर शांत खोलीत एकट्यानं ठोकळे. त्या वेळी ‘आज काय काय केलंस?’ची सरबत्ती नको. डोळे दमले तर मात्र अंथरूण. ‘पुस्तक की ठोकळे?’ असे दोनच पर्याय द्या.

हे सगळं शिकवायचं ते तो निवांत असताना. रडारड सुरू झाल्यावर दिवे मंद करा, हळू आवाजात एखादंच वाक्य बोला आणि जवळ घ्या. प्रत्येक रडण्यावर ‘दमलाय तो’ असा शिक्का मारू नका. कधी भूक असते, कधी त्याचा राग रास्त असतो.

आता हिशेब. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून १० ते १३ तास झोप लागते. तो सकाळी साडेसहाला उठत असेल आणि त्याला ११ तास लागत असतील, तर साडेसातला डोळा लागायला हवा. म्हणजे अंथरुणाची तयारी पावणेसातलाच सुरू, धिंगाण्याच्या आधी. सध्या नऊला झोपत असेल तर दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे या. एका रात्रीत दीड तास ओढलात तर नुसता लोळत पडेल.

प्रश्न : मुलगी साडेतीन वर्षांची. दुपारची झोप सोडली, पण पाचला गाडीत डुलकी लागते आणि मग अकरापर्यंत जागी.

उत्तर : जेवणानंतर ३० ते ४५ मिनिटं पडदे ओढून नुसतं पडू द्या, झोपेची सक्ती नको. पाचला डोळा लागलाच तर २० मिनिटांत उठवा. पुरेशी झोप होऊनही ती मरगळलेली असेल, रोज घोरत असेल, तोंडानं श्वास घेत असेल किंवा फिकट दिसत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. वाढलेले टॉन्सिल, ॲडिनॉइड (नाकाच्या मागच्या बाजूची गाठ) किंवा लोहाची कमतरता तपासावी लागेल.