गुरं येऊ नयेत म्हणून

"मॅडम, माझ्या मनातला ह्या मोबाईलाक कसा कळता?"

कुडाळला माझ्यासमोर बसून हा प्रश्न विचारणारी ही पहिली बाई नव्हे. हल्ली आठवड्यातून एकदा तरी तो येतोच. या काकी पन्नाशीच्या, देवगडकडच्या. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) रात्री झोप नाही, अंगाला दरदरून घाम. कोणाला सांगायचं? म्हणून गुपचूप गूगलला विचारलं. दोन दिवसांत झोपेच्या औषधांच्या जाहिराती सुरू. तेव्हापासून मोबाईल रात्री तांदळाच्या डब्यात.

पहिल्या दोन भेटी मी जाहिराती कशा येतात तेच समजावत बसले. माझी चूक. तिसऱ्या भेटीत विचारलं, "काकी, जास्त कधी घाबरलात? जाहिरात दिसली तेव्हा?"

बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळणं चाललं.

"नाय. सुनेचो फोन इलो तेव्हा. 'आई, झोप लागत नाही का?' म्हणान."

मी मानते की भीतीला नेमकं नाव मिळालं की ती निम्मी होते. इथे झालं तेच. भीती कंपनीची नव्हतीच, घराची होती. फोनमध्ये गूगल उघडून बघितलं तर कोपऱ्यातल्या खात्याच्या गोलात मुलाचा फोटो! चतुर्थीला आलेल्या चाकरमान्याने आपल्याच खात्यावर फोन चालू करून दिलेला. काकी इथे शोधणार, आणि मुंबईच्या लॅपटॉपवर त्याच खात्यात सून काही शोधायला गेली की तेच शब्द खाली सुचणार.

तर आधी तुमचा तो गोल बघा. खातं स्वतःचं हवं. शोधलेल्याची नोंद ३ महिन्यांनी आपोआप पुसली जावी असं सेटिंगमध्ये लावता येतं. 'इनकॉग्निटो'वर, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीवर, फार विसंबू नका; त्यात आपल्या फोनवर नोंद राहत नाही इतकंच, वेबसाइटला आणि इंटरनेट देणाऱ्या कंपनीला तुमची वर्दळ कळू शकते. लोकेशनची परवानगी फक्त 'ॲप वापरताना'. आणि यात लपवाछपवी कसली? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये सांगितलंय.

एवढं करूनही कोणी बघायचं ते बघेलच ना, असं मीच म्हटलं. काकी हसल्या. "गडगो (दगडी कुंपण) काय चोरासाठी घालतत? चोर उडी मारून येतलोच. गुरां येव नयेत म्हणान घालूचो."

इतकी वर्षं मी हे इतकं सोपं कधी सांगू शकले नव्हते.

नवीन खातं उघडलं. पासवर्ड टाकायची वेळ आली तशी काकींनी फोन पदराआड घेतला. "मॅडम, जरा थय बघा हां."

मी खिडकीबाहेर बघत बसले.