आधुनिक समाजवादी विचारांचं मूळ कशात आहे: फ्रेंच राज्यक्रांतीत, इंग्रजी अर्थशास्त्रात की जर्मन तत्त्वज्ञानात?

तुमच्या प्रश्नातले हे तीन पर्याय मी पहिल्यांदा ऐकले ते बाराव्या वर्षी, परळच्या एका चाळीच्या गच्चीवर. वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागांच्या विभागात होते. पहिली पाळी सुटली की कधीकधी मला घेऊन अभ्यासवर्गाला जायचे. त्या दिवशी वर्ग घेणाऱ्या पुढाऱ्यांनी फळ्यावर फ्रान्स, इंग्लंड, जर्मनी असे तीन बाण काढले आणि तिन्ही मार्क्सच्या नावाला नेऊन भिडवले.

साच्यांच्या आवाजाने वडिलांचे कान गेले होते. ते घरीसुद्धा ओरडूनच बोलायचे. त्यांनी विचारलं तेव्हा सगळी गच्ची मागे वळून बघायला लागली. "कॉम्रेड, ह्यात गिरणीतली माणसं कुठं हायत? त्यांना कायच सुचलं नव्हतं का?"

उत्तर आलं, "कामगाराला स्वतःहून पगारवाढीच्या पलीकडचं दिसत नाही. विचार त्याला बाहेरून द्यावा लागतो."

वडील परत त्या गच्चीवर गेले नाहीत. ते वाक्य माझ्या डोक्यातून आजवर गेलेलं नाही, म्हणून हे लिहितोय.

ते वाक्य चूक होतं. नोव्हेंबर १८३१ मध्ये फ्रान्समधल्या लियॉनच्या रेशीम विणकरांनी अख्खं शहर ताब्यात घेतलं. भांडण दराचं होतं. विणाईचा किमान दर ठरला होता आणि व्यापारी तो द्यायला नकार देत होते. काळ्या झेंड्यावर लिहिलं होतं, काम करत जगू नाहीतर लढत मरू. वडिलांना हे एका वाक्यात कळलं असतं, कारण त्यांची मजुरीही कापडावरच ठरायची. सूत खराब आलं की तुटायचं, साचा थांबायचा आणि दोष सुताचा असला तरी पैसे वडिलांचे जायचे. लियॉन पेटलं तेव्हा मार्क्स तेरा वर्षांचा होता.

पुढे जून १८४४ मध्ये प्रशियातल्या सायलेशिया प्रांताचे विणकर उठले. मार्क्सच्या एका जुन्या सहकाऱ्याने त्या उठावाला फारसं महत्त्व दिलं नाही. त्यावर पॅरिसमध्ये असलेल्या मार्क्सने ऑगस्टमध्ये लेख लिहून विणकरांची बाजू घेतली. फ्रेंच आणि इंग्लिश कामगारांचे उठाव जिथे संपले तिथून ह्यांनी सुरुवात केली, आपण कोण आहोत ह्याची जाण त्यांना आहे, असं तो म्हणतो. त्याच लेखात वाइटलिंगच्या लिखाणाची त्याने तोंडभर स्तुती केली आहे, आणि वाइटलिंग व्यवसायाने शिंपी होता. १८४८ चा कम्युनिस्ट जाहीरनामा ज्या संघटनेने लिहून घेतला, तीही मुळात पॅरिसमध्ये राहणाऱ्या जर्मन कारागिरांनी उभारलेली. म्हणजे गच्चीवरच्या फळ्यावर ज्याचं नाव मधोमध लिहिलं होतं, तो स्वतः विणकरांकडून आणि शिंप्यांकडून शिकत होता. बाहेरून विचार देण्याची भाषा पुढच्या पिढीची आहे, लेनिनने ती १९०२ मध्ये मांडली.

आता तुमच्या तीन पर्यायांबद्दल. ते खोटे नाहीत. सुरुवातीचे समाजवादी विचारवंत बघा: सेंट-सिमों उमराव घराण्यातला, फूरिये व्यापाऱ्याकडचा नोकर, ओवेन तर स्वतः गिरणीमालक. त्यांच्याशिवाय हा इतिहास सांगता येत नाही. ओवेनने स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्कच्या गिरणीत दहा वर्षांखालच्या मुलांना कामावर घेणं बंद केलं आणि अमेरिकेचा कापूस अडला तेव्हा चार महिने काम बंद असताना पूर्ण पगार दिला. पण त्याच गिरणीत प्रत्येक कामगाराजवळ चार बाजूंना चार रंग दिलेला लाकडी ठोकळा टांगलेला असायचा. काल वागणूक वाईट असेल तर काळी बाजू पुढे. हे मला जॉबरगिरीच, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाची दादागिरीच वाटते, चांगल्या मनाच्या मालकाने केली तरी. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोचं श्रममूल्य (वस्तूचं मूल्य तिच्यात गेलेल्या श्रमावरून ठरतं हा सिद्धांत) आणि जर्मन तत्त्वज्ञ हेगेल दोन्ही लागतातच, मात्र रिकार्डोच्या सिद्धांतातून मजुराचा हक्क काढून दाखवला तो हॉजस्किनसारख्या इंग्रज लेखकांनी, १८२५ मध्ये, आणि मार्क्सने त्याचा हवाला दिला आहे.

तुम्ही कुठे वर्ग घेणार असाल तर लियॉनपासून सुरुवात करा. समोर भिवंडीचे किंवा इचलकरंजीचे पॉवरलूमवाले बसले असतील तर फळ्यावर काही लिहायच्या आधी त्यांचा मीटरमागचा दर विचारा आणि त्यांना बोलू द्या.